रक्त न येणाऱ्या हिरड्या

ब्रश करताना रक्त यायचं ते बायकोच्या हिरड्यांतून. माझ्या कधीच नाही. म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवलं ते हिचं. मी नुसता सोबत गेलो होतो. हिची तपासणी झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, आलाच आहात तर तुमचेही दात बघते."

बारीक खुणांची एक सळई त्यांनी एकेका दाताच्या कडेनं हिरडीत घातली आणि मदतनीस मुलीला आकडे सांगत गेल्या. निरोगी हिरडीत ही सळई एक ते तीन मिलिमीटर जाते. हिचे आकडे चार-पाचचे होते. माझ्या मागच्या दाढांशी सहा आणि सात निघाले. एक्स-रेमध्ये दाढांभोवतीचं हाडही झिजलेलं दिसलं.

"सिगारेट किती?" त्यांनी विचारलं. दिवसाला एक पाकीट. मग त्यांनी उलगडून सांगितलं. निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत जंतूंनी धुमाकूळ घातला, तरी वरून लाली दिसत नाही, रक्तही फारसं येत नाही. हिच्या हिरड्यांनी वेळेवर बोंब मारली, माझ्या गप्प बसल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या हिरड्यांच्या आजारांच्या वर्गीकरणानुसार दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याचा हा आजार सर्वांत वेगानं वाढणाऱ्या गटात धरतात, असंही त्या म्हणाल्या.

आम्हा दोघांच्याही दातांची मुळापर्यंत सफाई झाली. डॉक्टर त्याच, हत्यारं तीच, घरी ब्रशही दोघं सारखेच करत होतो. काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तर हिचे हिरडी आणि दातामधले खड्डे तीनवर आलेले; माझे मात्र जेमतेम हललेले. मला फ्लॅप सर्जरी लागणार होती. हिरडी कापून उचलायची, मुळांवरचं किटण डोळ्यांना दिसेल असं काढायचं आणि हिरडी परत बसवून टाके घालायचे.

पण त्याआधी त्यांची अट होती, सिगारेट पूर्ण बंद. "कमी केली तर?" मी विचारलं. त्या हसल्या. "काका, हिरडी उचलायचं काम माझं. ती परत मुळाला धरायचं काम तुमच्या रक्ताचं." धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात आणि हिरडी मुळाला जोडणाऱ्या पेशींचं कामही मंदावतं. जखम उशिरा भरते आणि एवढं करून खड्डे कमी होतात ते इतरांपेक्षा कमीच. "आणि सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागू नका," हे त्यांनी बजावलं, कारण तसं करणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

चहानंतरची सिगारेट सुटायला सर्वांत जड गेली. चिडचिड व्हायची, रात्री झोप लागायची नाही. त्यात एके सकाळी ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसलं. घाबरून फोन केला, तर बाई म्हणाल्या, "रक्तपुरवठा परत सुरू होतोय. ब्रश थांबवू नका." सिगारेट सोडल्यावर अनेकांना असं होतं म्हणे. सोडणारे नेमके इथंच बिचकतात आणि पुन्हा टपरीवर जातात.

शस्त्रक्रिया तोंड बधिर करून झाली. जखमेवर गुलाबी लेप बसवला. गार, मऊ भात खायचा, त्या बाजूला ब्रश नाही, माउथवॉशनं हलकेच चूळ भरायची. टाके काढताना हिरडी चिकटलेली होती. काही महिन्यांनी मोजलं तेव्हा सहा-सातचे आकडे तीन-चारवर आले होते. झिजलेलं हाड मात्र भरून आलं नाही. एक दाढ अजून किंचित हलते, आणि तपासणीसाठी नेमानं जावं लागतं ते कायमचंच.

सिगारेट, विडी ओढणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. रक्त येत नाही म्हणून हिरड्या चांगल्या आहेत असं समजू नका. एकदा सळईनं मोजून घ्या. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तारीख घेण्याआधी सिगारेट सोडा. एकट्यानं जमत नसेल, तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे. तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.