गणवेशातला अंबाडा

माझ्या दोन्ही कानांच्या वरचे केस गणवेशापायी गेले, आणि हे रुग्णालयात कुणी मान्य केलं नाही याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. मी परिचारिका आहे. दुसऱ्यांची दुखणी ओळखण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, पण स्वतःच्या केसांबद्दल मला काय काय ऐकावं लागलं! रक्त कमी असेल. थायरॉइड तपासून घे. शहरातलं पाणी जड आहे. टेन्शन घेऊ नकोस. पार्लरवाल्या बाईंनी तर शेंडे चिमटीत धरून बघितले आणि ‘यात जीवच उरला नाही, खांद्यापर्यंत कापू या’ म्हणत कात्री उचललीसुद्धा. मी रक्त तपासलं होतं, थायरॉइडही तपासलं होतं. दोन्हींत काही निघालं नव्हतं. रोज पहाटे आरशासमोर उभी राहून मी डोक्यावर जे करत होते, त्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

साताऱ्याकडचं गाव, आजोळी वाढले, बारावीनंतर नर्सिंगचा जीएनएम अभ्यासक्रम, मग शहरातलं एक मोठं खासगी रुग्णालय. आमच्याकडे सगळ्यांचेच केस दाट. माझे कमरेच्या खाली जायचे.

त्या रुग्णालयात अंबाडा कसा हवा याचा फोटोच नोटीस बोर्डावर लावलेला होता. केस कॉलरला लागता कामा नयेत, कपाळावर एकही बट नको, डोक्याच्या बरोबर मध्यावर डोनट म्हणजे स्पंजची कडी, त्यावर काळी जाळी. सातची ड्यूटी म्हणजे साडेपाचला अंघोळ, आणि केस धुतलेले असले तर ते ओलेच. ओले केस नीट चापून बसतात, म्हणून सगळ्याजणी ओलेच बांधायच्या. वरून जेल. मग रबर तीन वेढे ओढून घट्ट, त्यात डोनट, भोवती केस गुंडाळून चारी बाजूंनी पिना. रात्रपाळी असली की बारा तास तसंच. घरी येऊन रबर काढलं की डोकं ठणकायचं, केस दुखायचे, कानांच्या वर बारीक पुळ्या आलेल्या असायच्या. आम्हा सगळ्याजणींना हे होतच होतं, त्यामुळे ते कुणाला दुखणं वाटत नव्हतं.

आता जे सांगते ते लांबेल, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दर सोमवारी सकाळी गणवेशाची पाहणी असायची. बूट, नखं, आयकार्ड, आणि शेवटी केस. पाहणी करणाऱ्या मॅडम आमच्या कानशिलाजवळ केसांखाली बोट घालून बघायच्या. बोट गेलं, म्हणजे अंबाडा सैल. सैल असला तर तिथल्या तिथे सोडून पुन्हा बांधायचा, सगळ्यांसमोर. कानांवर जेव्हा केसांऐवजी त्वचा दिसायला लागली, तेव्हा मी इन्चार्ज सिस्टरांना विचारलं की थोडा खाली, मानेवर, सैल अंबाडा घातला तर चालेल का. केस जाळीत असतील, कॉलरला लागणार नाहीत. त्या म्हणाल्या, लेखी दे. मी लेखी दिलं. तो अर्ज अधीक्षकांकडे गेला, तिथून मनुष्यबळ विभागात, तिथून परत आला तो एका शेऱ्यासह: वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. प्रमाणपत्र कुणाचं? त्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांचं. त्यांनी कानांवरून नजर फिरवली, ‘केसगळती’ एवढं लिहिलं आणि गोळ्या दिल्या. केसगळती म्हणजे अंबाड्याशी संबंध नाही, म्हणून अर्ज नामंजूर. मी पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तर तोंडी आलं: एकीला सूट दिली तर उद्या सगळ्या मागतील.

ज्या आठवड्यात हे उत्तर मिळालं, त्याच आठवड्यात मी अतिदक्षता विभागात होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरबाईंनी केस क्लचरमध्ये अडकवले होते, दोन बटा गालावर होत्या, आणि त्या रुग्णाच्या छातीवर वाकून स्टेथोस्कोप लावत होत्या. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही, बाई कामाला फार चोख. पण रुग्ण तोच, पलंग तोच, जंतूही तेच. माझ्या केसांतून पसरतो आणि त्यांच्या केसांतून पसरत नाही असा कुठला जंतू आहे? शस्त्रक्रियागृहात तर सगळ्यांनाच टोपी घालावी लागते, डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, सगळ्यांना. तो नियम मला शंभर टक्के मान्य आहे, कारण त्याला कारण आहे. टोपीच्या आत अंबाडा किती घट्ट आहे हे तिथे कुणीही बोट घालून बघत नाही. मग वॉर्डात बोट कशासाठी? स्वच्छतेसाठी असतं तर सगळ्यांच्या कानशिलाजवळ गेलं असतं. ते फक्त आमच्या गेलं. खालच्या पायरीवरच्या बाईचं शिस्तीत असणं तिच्या डोक्यावर दिसलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो, आणि तो मला आजही बोचतो.

मी ती नोकरी सोडली. कारणं आणखीही होती, पगाराचं होतं, घर लांब होतं. दुसऱ्या गावातल्या रुग्णालयात लागले आणि तिथल्या त्वचारोग ओपीडीत माझी बदली झाली. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात, मी न विचारता, माझ्या कानाकडे बघून विचारलं, ‘सिस्टर, अंबाडा किती वर्षं घालताय?’ मी तिथेच रडले.

त्यांनी भिंगातून बघून समजावलं. केसांच्या मुळावर सतत ताण राहिला की मूळ आधी सुजतं, मग केस बारीक होत जातो, आणि वर्षानुवर्षं ताण सुटलाच नाही तर तिथे व्रण धरतो आणि केस कायमचा जातो. सुरुवातीला ताण काढला तर केस परत येतात. कपाळाच्या अगदी कडेला बारीक लवीसारखे केस शिल्लक असतात आणि त्यांच्या मागे पट्टा विरळ झालेला असतो, ही त्याची ओळखीची खूण. कडेचे ते केस इतके आखूड असतात की रबरात सापडतच नाहीत, म्हणून वाचतात. मला सगळ्यात नवल वाटलं ते हे की वैद्यकशास्त्रात याची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच झाली आहे, आणि तीही ग्रीनलंडमधल्या बायकांवरून. तिकडे केस माथ्यावर घट्ट ओढून बांधायची रीत होती. इतक्या जुन्या, इतक्या साध्या गोष्टीसाठी मी प्रमाणपत्र मागत फिरले होते.

मुळांचं हे झालं. शेंड्यांचं वेगळंच. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत पाऊण मीटर केस असतील तर शेंडा सहा वर्षांचा झाला. त्याने सहा उन्हाळे पाहिले, शेकडो वेळा शिकेकाई नाहीतर शाम्पू पाहिला. केसावर बाहेरून खवल्यांचं आवरण असतं, ते शेंड्याकडे झिजत जातं, आतला गाभा उघडा पडतो आणि मग फाटे फुटतात. ओल्या केसाच्या आतले काही बंध पाण्याने सुटलेले असतात, त्यामुळे तो कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. तसा ओला, ताणलेला केस रोज त्याच जागी रबराच्या वेढ्यात अडकवला की तुटणारच. रेशमी साडी कायम एकाच घडीवर ठेवली की घडीवर विरते, तसं माझ्या केसांचं झालं होतं. तुटलेले सगळे केस डोक्यापासून साधारण सारख्याच अंतरावर तुटले होते, बरोबर रबर जिथे बसायचं तिथे.

आणि मग मला आजी आठवली. आजीचा अंबाडा पन्नासेक वर्षं मानेवर होता आणि सत्तरीतही मुठीत मावत नव्हता. ती रबर ओळखतच नव्हती. केस धुतले की उन्हात पाठ करून बसायची, पूर्ण वाळल्याशिवाय हात लावू द्यायची नाही. मग बोटांनी गुंता काढायची, आधी शेंड्याकडचा, मग वरवर सरकत, शेवटी फणी. शेंड्यांना खोबरेल. सुती धाग्याच्या आगवळाने सैल वेणी, ती गुंडाळून अंबाडा, आणि दोन आकडे. मला म्हणायची, ‘रोज त्याच जागी नको बांधूस गं पोरी, केसाला बी दम लागतो.’ खोबरेलाचं तर आता प्रयोगातूनही दिसलं आहे. मुंबईच्या एका खोबरेल तेल बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना आहे, आणि केसातली प्रथिनं वाहून जाणं कमी केलं ते खोबरेलानेच. अभ्यास तेल विकणाऱ्यांचा आहे हे मला माहीत आहे, तरी मी तो मानते, कारण खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं याचं स्पष्टीकरण मला पटतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला मी ती सांगते. केस आदल्या संध्याकाळी धुवा. ओले बांधायचेच नाहीत, मग ड्यूटी कितीची का असेना. शेंड्यांना दोन-तीन थेंब तेल लावा आणि अंबाडा घालताना शेंडा आत, मध्यभागी जाऊ द्या, बाहेर जाळीवर घासू देऊ नका. आधी सैल वेणी घाला, मग गुंडाळा. वेणीमुळे पीळ नीट राहतो, घट्ट ओढावं लागत नाही. आकडा सरळ खुपसू नका. अंबाड्याच्या कडेचे थोडे केस त्यात पकडा, मग आकडा उलटा वळवून डोक्यालगतच्या केसांतून मध्याकडे सरकवा. तसे चार आकडे बारा तास टिकतात. पिनेच्या टोकावरचं बोंड निघालं की ती पिन टाकून द्या, ती केस सोलून काढते. बांधून झालं की भुवया वर उचलून बघा. कपाळ ओढल्यासारखं वाटलं तर सोडा आणि पुन्हा घाला. एक दिवस मानेवर, एक दिवस जरा वर. घरी आल्यावर जेल वाळलेलं असताना कंगवा घालू नका, आधी पाण्याने सोडवा. रबर गुंतलं तर सरळ कापून काढा, रबर दोन रुपयांचं असतं. आणि एकदा फाटा फुटला की तो जुळत नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. फाट्याच्या वर कापा, दर दोन-तीन महिन्यांनी अर्धं बोट. खांद्यापर्यंत कापायची गरज नाही.

हे फक्त परिचारिकांचं नाही. भरतनाट्यम शिकणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलींच्या डोक्यावर वर्षभर तालमी आणि कार्यक्रमांसाठी काय ओढलं जातं ते बघा. त्यात लांबीसाठी गंगावन, त्याचं वजन सगळं मुळांवर. लग्नातल्या नवरीमुलींना स्टफिंग घालून, डझनावारी पिना खुपसून जो अंबाडा घालतात, तो एक दिवसाचा असतो म्हणून चालून जातो. मुलगी ‘मान दुखते’ म्हणाली तर आईने ऐकावं, ‘थोडं सहन कर’ म्हणू नये.

आता मी स्वतः वॉर्डची इन्चार्ज आहे. मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी ड्रेसिंग करताना वाकली आणि तिची सुटलेली बट जखमेपासून बोटभर अंतरावर आली. मी तिला तिथेच थांबवलं, बाहेर पाठवलं, केस बांधून ये म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि तो चढायलाच हवा होता. अंबाडा हवाच. इतकं सगळं होऊनही मला अंबाडा घातल्यावर पाठ ताठ होते, ड्यूटी सुरू झाली असं वाटतं. सुट्टीच्या दिवशीही मी केस मोकळे सोडत नाही. अंबाडा नको असं मी कधीच म्हणणार नाही. नियमात एवढंच लिहा की केस कॉलरच्या वर आणि चेहऱ्यापासून दूर असावेत. किती घट्ट, कुठल्या जागी, ते तिच्यावर सोडा.

हे मी इथल्या व्यवस्थापनाला लिहून द्यायचं ठरवलं आणि वॉर्डातल्या मुलींच्या सह्या मागितल्या. त्यांनी सह्या दिल्या नाहीत. त्यांना तो चापूनचोपून बसवलेला, जेलने चमकणारा अंबाडाच आवडतो. रील्समध्ये तो ‘स्लीक बन’ म्हणून दिसतो आणि सुट्टीच्या दिवशीही त्या तो हौसेने घालतात, ओल्याच केसांवर. आम्हाला सक्तीने जे घालावं लागलं ते या मुली आवडीने घालतात, याचं काय करावं हे मला कळत नाही. त्यांतल्या दोघींच्या कानांवरची त्वचा आत्ताच दिसायला लागली आहे. माझ्या डाव्या कानावरचे केस परत आले, उजव्यावरचे आले नाहीत, ते दाखवून त्यांना सांगते. त्या ऐकून घेतात, ‘हो सिस्टर’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच ओला अंबाडा घालून ड्यूटीवर येतात. अर्ज मात्र मी देणार आहे, एकटीच्या सहीने का होईना.