कर्ता मागे, नमुने पुढे

प्रिय भाचीस,

प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचून झालं. यवतमाळकडच्या बारा विहिरींचं पाणी, त्यातलं फ्लोराइड, तक्ते, सगळं नेटकं आहे. पण पानोपानी ‘तपासले गेले’, ‘मोजली गेली’, ‘गाळण्यात आले’. शास्त्रीय लेखनात ‘मी’ नको, असं मार्गदर्शकांनी सांगितलं असेल. ठीकच आहे. मात्र ‘मी’ काढायला मराठीत एवढा खटाटोप लागत नाही.

‘विद्यार्थिनीने नमुने तपासले’ हे वाक्य घे. तपासणारी एकटी मुलगी, क्रियापद मात्र नमुन्यांच्या मागे चालतं: पुल्लिंगी, अनेकवचनी. तिने मात्रा मोजली, द्रावण गाळले, निष्कर्ष मांडले. दर वेळी रूप ठरवलं ते कर्माने. हा आपला कर्मणी प्रयोग. आता कर्ता गाळून बघ. ‘नमुने तपासले, मात्रा मोजली.’ वाक्य कुठेही लंगडत नाही. करणारा आपोआप मागे सरतो आणि मोजलेली वस्तू पुढे येते. शास्त्राला आणखी काय हवं? ‘केले गेले’ हे इंग्रजी वाक्यांच्या वळणाने फोफावलं. शालेय व्याकरणात त्याला ‘नवीन कर्मणी’ म्हणतात. ते चूक नाही. ‘अजिंठ्याची लेणी दोन टप्प्यांत खोदली गेली’ इथे ते शोभतं. प्रत्येक ओळीत मात्र ते जड होतं. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं आहे, पण त्यातली प्रयोगांची चर्चा आजही वाचावी अशी.

खरी चूक वेगळीच आहे. ‘नमुने बाटलीत भरून तापमान २८ अंश होते.’ भरणारी तू आणि ‘होते’चा कर्ता तापमान! ‘भरून’ला इथे कर्ताच उरला नाही. ‘भरले तेव्हा’ लिही.

आणि सारांशातलं ते टिंब. ‘नमुन्यात फ्लोराइड आढळले’ असं लिहिलंयस. मराठी साहित्य महामंडळाच्या, १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या नियमांनी ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार उतरवले. अनेकवचनी सामान्यरूपावरचा मात्र मुद्दाम राखला. ‘नमुन्यांत’ म्हटलं तर अनेक विहिरींची साक्ष, ‘नमुन्यात’ म्हटलं तर एकाच बाटलीची. उन्हातान्हात बारा गावं फिरून आणलेला पुरावा असा एका टिंबापायी हरवू देऊ नकोस.

बाकी खुणा पेन्सिलीने केल्यात. चौथ्या तक्त्याखालची टीपही बघ, तिथेही ‘विहिरीत’ राहिलंय.

तुझी,
मावशी