फांदीवरचा पाहुणा

एडिसन, रविवार रात्र

प्रिय ओंकार,



फोटो पाहिला. मागच्या टाचेवर इवलासा काटा आहे, म्हणजे तुझा व्हेल्ड शॅमेलिऑन नर आहे. ‘हातात घेतला की काळा पडतो’ असं लिहिलंस. अरे, तो घाबरतो. सकाळच्या गारव्यात तो ऊब शोषायला गडद होतो, तुझ्या मुठीत भीतीने. रंग म्हणजे नुसतं लपणं नव्हे, त्याची ती बोलीच आहे.

पिंजरा जमिनीवरून उचल. येमेनच्या डोंगरांतल्या झाडाझुडपांची ही जात. वरून आलेला हात तिला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. त्याची फांदी तुझ्या डोळ्यांहून उंच असू दे. समोरचा आरसा काढ, त्यात त्याला दुसरा नर दिसतो. पिंजरा जाळीचाच हवा, मोठेपणी 2 फूट लांब-रुंद आणि 4 फूट उंच. आत जास्वंद आणि मनी प्लांट दाट लाव. पाण्याची वाटी ठेवू नकोस, साचलेलं पाणी त्याला कळत नाही. पानावर थेंब चमकला की तो चाटतो.

दिव्याचं मात्र नीट ऐक. माझ्या पहिल्या पिल्लाला मी खिडकीशी ठेवलं होतं. भरपूर ऊन येतंय, वेगळी यूव्हीबी ट्यूब कशाला, असं वाटलं. पण खिडकीची काच नेमके ते यूव्हीबी किरणच अडवते, आणि त्यांच्यावाचून अंगात डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत मुरत नाही. दोन महिन्यांत त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. फांदी धरताना तो थरथरायचा. वाचला नाही. खायला द्यायच्या रातकिड्यांना कॅल्शियमची पूड लावत होते, तरीही. ट्यूब आजच आण, आणि उजेड देत असली तरी वर्षभरात बदल.

रातकिडा त्याच्या डोक्याच्या रुंदीहून मोठा नको. दिवसा डोळे मिटून बसला तर वाट पाहू नकोस, सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर गाठ.

ताईला सांग, त्याला विष नसतं. आपल्याकडच्या घोयऱ्या सरड्यालाही नसतं. तुझ्या आजोळी कुंपणावर तो दिसला की आम्ही पोरं दगड मारायचो. माझाही एक दगड लागला होता.

आठवडाभर त्याला हात लावू नकोस. थोडा लांब बसून अभ्यास कर. दिवे मालवल्यावर तो फिकट पडून, शेपटी गुंडाळून झोपतो. तसा फोटो पाठव, फ्लॅश न लावता.

तुझी,
मावशी