चोडणच्या बांधावर

गोव्यातल्या चोडण बेटावर पाणमांजरांचा माग काढताना डोळ्यांआधी नाक कामी येतं. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडायची, खाजणाचा, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवून केलेल्या शेतजमिनीचा, बांध गाठायचा आणि ओहोटीची वाट पाहायची. पाणी उतरलं की ओल्या चिखलात पावलं दिसू लागतात. पाच बोटं, त्यांच्यामधल्या पडद्याची पुसट कड, मागे जाड शेपटी घासत गेल्याची खूण. आणि त्याच सुमारास येतो मासळीचा उग्र दर्प.

मानशीजवळच्या, म्हणजे बांधातल्या झडपांच्या दाराजवळच्या, उंचवट्यावर विष्ठा पडली होती, अजून ओलसर. काडीने उलगडली. खवले, बारीक काटे, कुर्लीच्या कवचाचे तुकडे. अख्खं कुटुंब अशी एखादी जागा ठरवून वापरतं. तिथेच लोळतं, अंग कोरडं करतं. त्या वासातूनच इतरांना कळतं की इथे कुणाचा तरी वावर आहे. म्हणून अभ्यासक आधी जनावर शोधत नाहीत, या जागा शोधतात.

मोजदाद मात्र अवघड. वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो. पाणमांजरं सगळी सारखीच तपकिरी! कॅमेरा ट्रॅपमध्ये कळप दिसतो, पण कालचाच तो आज पुन्हा आला की दुसरा, हे सांगणं कठीण. ताज्या विष्ठेतून डीएनए मिळाला तर एकेक प्राणी वेगळा ओळखता येतो. पण ऊन आणि दमटपणा तो लवकर खराब करतात.

चोडणला दिसतं ते मुलायम केसांचं पाणमांजर. भारतातल्या तीन जातींपैकी ही सर्वांत मोठी. संकटग्रस्ततेच्या जागतिक यादीत ती ‘असुरक्षित’ गटात आहे, आणि 2019 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे.

खाजण हा माणसाने उभा केलेला अधिवास, हे मला फार मोलाचं वाटतं. भरतीच्या दाबाने मानशीच्या लाकडी झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात; आतली शेती खाऱ्या पाण्यापासून वाचते. पाणी बाहेर पडताना मासळी तिथे गोळा होते. माणूस तिथेच जाळं लावतो आणि पाणमांजरही तिथेच येतं. जाळं फाटलं की मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावात घेतलेल्या माणसाचं नुकसान होतं. त्याचा राग खोटा नाही. त्याला विश्वासात न घेता केलेलं संरक्षण टिकणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर. पाणमांजराला तेवढं पुरत नाही, त्याला नदीचा लांब काठ लागतो. कर्नाटकने 2015 मध्ये तुंगभद्रेचा सुमारे 34 किलोमीटरचा पट्टा खास पाणमांजरांसाठी राखीव केला, तो याचसाठी.

बांध फुटला की तो बुजवायलाच हवा, नाहीतर शेत खारावतं. पण मातीच्या जागी काँक्रीटची सरळ भिंत उभी राहिली आणि कांदळ तोडले गेले, तर बीळ करायला आणि पिल्लं लपवायला जागा उरत नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनी काठाची माती आणि कांदळाची मुळं राखावीत. आणि खाडीकाठी राहणाऱ्या वाचकांनो, खवल्यांनी भरलेली अशी विष्ठा दिसली तर ती जागा साफ करू नका. फोटो काढा, तारीख आणि ठिकाण लिहून जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात कळवा.