आधी पाण्याक वाट

चतुर्थीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या वाडीत घाटी बेणायचा, म्हणजे तिच्यावर वाढलेलं रान काढायचा, दिवस ठरतो. आदल्या संध्याकाळी देवळाच्या पायरीवर दोन शब्द बोलले जातात आणि सकाळी घरटी एक माणूस कमरेच्या आकडीला कोयता अडकवून घाटीच्या तोंडाशी हजर असतो. ज्या घरात आता धडधाकट माणूस उरलेला नाही, तिथून चहाची किटली येते, नाहीतर पेजेचं भांडं. तेही श्रमदानच धरलं जातं. हजेरी लागते ती घराची.

मालवणहून चौक्याला यायचं आणि तिथून धामापूरकडे वळायचं. या टापूत वर जांभ्याचा सडा, त्याच्या उतारावर भरड, भरडीच्या पायथ्याशी घरं, घरांखाली भाताचे कुणगे आणि कुणग्यांखाली व्हाळ म्हणजे ओढा, अशी जमिनीची उतरंड आहे. आमची वाडी त्या उतरंडीतलीच. डांबरी रस्ता वर सड्यावरच थांबतो. तिथून घरापर्यंत उतरायचं ते घाटीने. जांभ्याचे चपटे दगड बसवून केलेल्या दीडेकशे पायऱ्या, दोन्ही अंगांनी गडगे, माथ्यावर आंब्याफणसाची सावली. ही घाटी कुणी बांधली हे सांगणारं वाडीत कुणी उरलेलं नाही. राखणारे मात्र दरवर्षी असतात.

कोयता चालण्याआधी गाऱ्हाणं होतं. वाडीतला जाणता माणूस नारळ पुढे ठेवून मोठ्याने सांगतो: हातापायाला इजा होऊ नये, विंचू-किरडू आडवं येऊ नये, या वाटेने येणारा-जाणारा सुखरूप घरी पोचावा. बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. मग रानमोडी पडते, घाणेरी पडते, पावसात माजलेला टाकळा आडवा होतो. पण कोयता सरसकट चालत नाही. हरणं, तेरडा, कवंडळाचे वेल गणपतीवर टांगायच्या माटवीसाठी कडेला राखायचे असतात. नवख्या पोराचा कोयता तिकडे वळला की कुणीतरी त्याचं मनगट हलकेच धरतं. वाट साफ करताना काय काढायचं हे एका सकाळीत कळतं. काय ठेवायचं हे कळायला पुष्कळ चतुर्थ्या जाव्या लागतात.

कोयत्यांमागून पारय घेतलेली माणसं येतात. हललेली पायरी उचकटून पुन्हा बसवली जाते, दगडांवरचं शेवाळ खरवडलं जातं. घाटीची परीक्षा एकच, आणि ती आमच्या अण्णांनी मला लहानपणीच सांगून ठेवली आहे. “डोक्यार गणपती घेवन उतराक येवक व्हया, तर ती घाटी.” गणपतीच्या शाळेतून मूर्ती डोक्यावर घेऊन निघालेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. प्रत्येक पायरी जिथे असायला हवी तिथेच असेल, एवढ्या भरवशावर तो पाऊल टाकतो. हा भरवसा म्हणजेच वाट. कोकण रेल्वे १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर धावू लागली, त्याच्या आधी रात्रभर एसटीत ताटकळून आलेला चाकरमानी डोक्यावर ट्रंक घेऊन याच भरवशाने घाटी उतरला. आता तो कुडाळला गाडीतून उतरतो, रिक्षा करून सड्यावर येतो. शेवटच्या दीडशे पायऱ्या मात्र त्याच आहेत.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा गेल्या वर्षी मे महिन्यात मुंबईहून आला तो गिअरची सायकल घेऊन. जाड टायरची, पुढच्या चाकाला स्प्रिंगा असलेली, डोंगरात चालवायची सायकल. पायऱ्यांवरून ती नेता येईना. मग वाडीतली सात-आठ पोरं जमली आणि भरडीतून स्वतःची वाट करायला लागली. सकाळी उन्हाआधी आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर त्यांनी पंधरवडाभर कुदळ चालवली. वरून खाली, सरळ, नाकासमोर. तयार झाली त्या दिवशी सगळे आळीपाळीने सायकलवर बसले. लाल धुळीचा लोट सुटला. पोरांच्या ओरडण्याने सडा भरून गेला. मी गडग्यावर बसून पाहत होतो. त्या सरळपणात खोट आहे हे मला कळायला हवं होतं. पण मलाही त्या वेगाची भूल पडली होती.

मृग बरसला आणि तीन रात्रींत त्या वाटेची घळ झाली. आमच्याकडे वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उतारावर सरळ ओढलेली रेघ पाण्याला मिळाली की ते दुसरं काही शोधत नाही. पोरांनी खणलेली लाल माती वाहून थेट काकींच्या कुणग्यात उतरली. नुकता उगवलेला तरवा तिच्याखाली गाडला गेला. वाडीत सगळेच त्यांना काकी म्हणतात, आणि त्या दिवशी कुणालाच त्यांच्यासमोर उभं राहवेना. त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा बियाणं भिजत घातलं, एवढंच.

अण्णा मात्र बोलले. पुतण्या चतुर्थीसाठी आधीच आला तेव्हा भर पावसात त्याला आणि पोरांना घेऊन ते भरडीत गेले. घळीच्या काठावर उभे राहिले. “हो व्हाळ झालो रे झिला, वाट नाय,” म्हणाले. मग ते चालत राहिले आणि पोरं मागून. कुठे पाणी पसरट होतं, कुठे गोळा होतं, कोणत्या झाडाच्या मुळाशी वळतं, कुठे मातीखाली कातळ असल्याने वरच्या वर सरकतं, हे ते काठीने दाखवत होते. वाट कोरड्या दिवशी आखायची नसते, पाऊसच ती आखून दाखवतो, हे मी ऐंशीच्या घरातल्या त्या माणसामागून चालताना पहिल्यांदा नीट पाहिलं. शेवटी ते म्हणाले, “आधी पाण्याक वाट दी, मगे माणसाक.”

घाटी बेणून झाल्यावर त्या वर्षी कुणी घरी गेलं नाही. सगळी माणसं भरडीत उतरली. जुनी घळ दगड भरून, वर झाडोरा टाकून बुजवली. नवी वाट उताराच्या अंगाने, आडवी, सावकाश वळत घेतली. डोंगराकडची बाजू कापून पाऊलभर सपाटी काढायची, तिचा कल दरीच्या बाजूला किंचित ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवर रेंगाळत नाही, ओलांडून जातं. दर थोड्या अंतरावर उतरती वाट जराशी चढवायची आणि त्या खोलगटात जांभ्याचे दगड रोवायचे, म्हणजे चुकून वाटेला लागलेलं पाणी तिथे बाहेर पडतं. जांभा या कामाला देवासारखा दगड. जमिनीत असतो तोवर कोयत्यानेही कापला जावा इतका मऊ, आणि वारा-ऊन लागलं की कडक होत जाणारा. फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या डॉक्टराने मलबारात तो विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात लॅटिनमधल्या विटेवरूनच त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. आमच्या गडग्यांना त्या नावाची गरज कधी पडली नाही, पण तोच दगड.

पुतण्याने नंतर मला दाखवलं की डोंगरी सायकलींच्या वाटा करणारे जगभरातले स्वयंसेवकही हेच सांगतात. या सायकलींचा खेळ कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमल्पायसच्या उतारांवर वाढला. १९७६ च्या ऑक्टोबरात तिथल्या मित्रमंडळींनी जुन्या दणकट सायकली घेऊन पहिली शर्यत लावली. उतरताना ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागे, म्हणून त्या शर्यतीचं नाव ‘रीपॅक’ पडलं. पुढे सायकलींना तिथल्या वाटाच बंद होऊ लागल्या. तेव्हा १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सायकल मंडळांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना बांधली, आणि हातात कुदळ-फावडी घेऊन वाटा राखायला सुरुवात केली. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, सरासरी शंभर फुटांत दहा फुटांच्या आत असावा, आणि पाणी वाटेवरून न वाहता वाटेला ओलांडून जावं, हे त्यांचे नियम. मला ते वाचताना अण्णांची काठी दिसत होती. समुद्रापलीकडच्या पोरांनाही पावसानेच शिकवलं असणार.

नवी वाट एका जागी अडली. वळण घ्यायला काकींच्या गडग्याआतली दोन हात जमीन लागत होती. विचारायला जायची कुणाची छाती होईना. शेवटी पुतण्याच गेला. बराच वेळ ओटीवर उभा राहिला. काकी कोयती घेऊन बाहेर आल्या, भरडीत जाऊन सगळं वळण पायांनी चालून पाहिलं. “माती माझ्या कुणग्यात येवक नको, मगे खयसूनय जावा,” म्हणाल्या. पोरांनी त्यांचा गडगा दगड दगड करून सोडवला आणि दोन हात आत नेऊन तसाच्या तसा रचला. त्या दिवसापासून ‘वाट देणे’ हे शब्द मला निराळे ऐकू येतात. आपण वाट पाहतो, वाट काढतो, वाटेला लागतो. पण ते सगळं नंतरचं. कुणीतरी आधी ती दिलेली असते. घाटीच्या दीडशे पायऱ्यांखाली अशी किती घरांची हात-हात जमीन आहे, याची नोंद कोणत्याच सातबारावर नाही.

पाण्याशी असं समजुतीने वागणं या टापूला नवं नाही. पलीकडचा धामापूरचा तलाव १५३० साली दोन डोंगरांच्या मधे बांध घालून झाला. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन रचना म्हणून मान्यता मिळाली. पण त्याच्या पाटाचं पाणी त्याआधीही शेतीत पोचतच होतं. पावसाळा सरला की आमच्या वाडीतले हेच हात व्हाळात उतरतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात. पावसात ज्याला घाईने वाट करून दिली, त्यालाच मग आर्जव करायचं, की आता कर्लीच्या खाडीकडे धावू नकोस, चार महिने आमच्याजवळ राहा.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी घाटीवर उभा होतो. दुपारी एक मोठी सर येऊन गेली होती. वरून झांजांचा आवाज आला. आमच्याकडची पहिली मूर्ती उतरत होती. त्याच वेळी पुतण्या नव्या वाटेने सायकलवरून खाली येत होता, जिथे ती घाटीला येऊन मिळते तिथवर. त्याने झांज ऐकली, ब्रेक दाबले, उतरला आणि सायकल उचलून कडेच्या तेरड्याला धक्का न लावता गडग्याला टेकवून उभा राहिला. डोक्यावर गणपती घेतलेला माणूस पायांकडे न बघता एकेक पायरी उतरत त्याच्यासमोरून गेला.

तो गेल्यावर मी खाली पाहिलं. पोरांनी रोवलेल्या दगडांवरून दुपारच्या पावसाचं पाणी वाट ओलांडून काकींच्या कुणग्याकडे उतरत होतं. मी ओंजळीत धरून पाहिलं. त्यात माती नव्हती.