तारा दिसू दे की!

परवा लेकीच्या दातांना तारा बसवल्या. तेव्हापासून बाईसाहेब तोंडावर हात धरूनच बोलतात. फोटो नाही, हसणं नाही, आणि काल जाहीर झालं की शाळेच्या गॅदरिंगमधलं गाणंही रद्द!

मला एकदम पॉली स्टायरीन आठवली. मी काही पंक-बिंक ऐकणारी नाही हो, माझी धाव आशाबाईंपर्यंत. पण तिच्यावरचा २०२१चा माहितीपट मी पाहिलाय. तो करण्यात तिच्या मुलीचाच पुढाकार, म्हणून जास्तच लक्षात राहिला.

वडील सोमाली, आई ब्रिटिश आणि दातांना तारा. १९७६ साली, एकोणिसाव्या वाढदिवशी, या मुलीने सेक्स पिस्टल्सना ऐकलं आणि वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल! जाहिरात देऊन पोरं जमवली, लंडनमध्ये बँड उभा राहिला : एक्स-रे स्पेक्स. स्वतःसाठी नाव शोधलं ते यलो पेजेस चाळून, तेही प्लॅस्टिकचं! गिटारच्या गोंगाटात मधेच सॅक्सोफोन. सुरुवातीला तो वाजवायची लोरा लॉजिक, शाळकरी वयाची. गाणी प्रेमाबिमाची नाहीत, तर खरेदीची, प्लॅस्टिकची, जंतूंच्या धास्तीची. आणि पॉली भडक कपड्यांत, तारांसकट तोंड भरून गायची.

१९७८ मध्ये 'जर्मफ्री अ‍ॅडोलेसंट्स' हा अल्बम आला आणि १९७९ मध्ये बँड संपला. दौऱ्यांनी ती पार थकली होती. तिला आकाशात गुलाबी प्रकाश दिसला, मग हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले स्किझोफ्रेनिया. खरा आजार बायपोलर, हे कित्येक वर्षांनी कळलं. २०११ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, ती कॅन्सरने गेली.

लेकीला यूट्यूबवर गाणं लावून दिलं.

"आई, ही गातेय की ओरडतेय?"

"दोन्ही."

मग ती बराच वेळ बघत राहिली. "एवढं भारी चाललं होतं, तर थांबली का?"

मी सांगितलं. थकली, आजारी पडली.

"मग बरं केलं थांबली ते."

मी गप्पच झाले. मला सांगायचं होतं, तारा असल्या तरी गा. आणि मी इतके दिवस हळहळत होते की फक्त तीनच वर्षं! तिने मात्र एका वाक्यात त्या मुलीला सोडवून टाकलं.

असो. गॅदरिंगचं अजून काही नक्की नाही. पण हे सगळं विचारताना तिचा हात तोंडावर नव्हता, हे मला नंतर लक्षात आलं.