अजून एक खेप

बेळगावात माझं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं आणि दारात एक ट्रक. टायर दिसला की माझा हात आजही आपोआप त्याच्या कडेवरून फिरतो. 2018 साली मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो, तेव्हा त्याच्या गॅरेजातही तेच झालं.

"बाबा, तुम्हीच सांगा, यातले कुठले घालू?"

तिकडे 2006 पासून हौशी लोकांची एक शर्यत चालते, 'ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स'. फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीची ही थट्टा. गाडी पाचशे डॉलरची, म्हणजे खटाराच. टायर त्या किमतीत धरत नाहीत, पण टायरवर छापलेला झिजेचा आकडा किमान 190 हवा. आकडा मोठा तेवढा टायर टिकाऊ. लहान तेवढा तो साधारणपणे मऊ, रस्ता घट्ट धरणारा. अर्थात हा आकडा कंपनी आपला आपणच देते, म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही.

मुलापुढं दोन जोड होते, 200 आणि 340. त्यानं कागदावर हिशेब मांडला. अडीच मिनिटांची फेरी, दोन दिवसांचे मिळून चौदा तास, म्हणजे 336 फेऱ्या. मऊ टायरनं फेरीला दोन सेकंद वाचले तर अकरा मिनिटांची कमाई. पण मध्येच पुढचे टायर बदलावे लागले, तर ती सगळी तिथंच जाणार.

"340 घेतो. टिकतील. तुम्ही जन्मभर हेच सांगत आलात."

ते वाक्य मला लागलं. 1991 च्या जुलैत मी कडक रबराच्या, झिजत आलेल्या रिमोल्डवर ट्रक आंबोली घाटात घातला होता. अजून एक खेप निघेल, एवढाच विचार. पावसात वळणावर चाकांनी रस्ता सोडला आणि ट्रक कठड्यावर गेला. मला खरचटलंही नाही. क्लीनर पोराचा पाय मोडला, तो कायमचा लंगडा झाला. त्याच्या आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. मुलाला हे कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग काय करू?"

"200 घे. टिकवायचं ते चालवणाऱ्यानं. गाडीला पुढची चाकंच ओढतात, वळवतात, ब्रेकचा बहुतेक भारही तीच घेतात. म्हणून पहिल्या दिवशी रात्री पुढचे मागे कर. गाडी आत आली की हवा गरम टायरवर बघ. वळणावर चाकं किंचाळली तर समज, रबर जळतंय."

दोन्ही दिवस गाडी थांबली की मी कडेवरून हात फिरवत होतो. नंबर काही लागला नाही. पण टायर बदलावे लागले नाहीत, आणि शेवटीही खाचा शिल्लक होत्या.

निघताना विमानतळावर मुलानं विचारलं, "बाबा, तो क्लीनर आता कुठं असतो?"

"बेळगावातच."

"भेटता?"

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. सत्तावीस वर्षांनी.